दवबिंदू कोणत्या हवामानातला, ते आधी ओळखा

कुंडीतला दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा ही पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारी वनस्पती, मरतो तो बहुतेक वेळा नळाच्या पाण्याने, नाहीतर त्याच्या झोपेच्या, म्हणजे वाढ थांबलेल्या काळात पाणी घातल्याने. पाण्याचं सोपं आहे: पावसाचं किंवा आरओचं द्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ५० च्या आत. घरच्या आरओत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असू शकतात, म्हणून मीटरने मोजाच. स्फॅग्नम पीट (दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळाचा कुजलेला थर) आणि धुतलेली सिलिका वाळू निम्मी-निम्मी घ्या. बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको.

झोपेचं मात्र प्रत्येक जातीचं वेगळं.

कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर दिसणारे ड्रॉसेरा इंडिका आणि ड्रॉसेरा बर्मानी हे वर्षायू. इंडिका उभा वाढतो, पानं दोऱ्यासारखी. बर्मानी जमिनीला चिकटलेली चकती, आणि तिच्या कडेचे केस किडा लागताच काही सेकंदांत आत वळतात. बी धरलं की ही रोपं वाळतात. यात तुमची चूक काहीच नाही. बोंडं तपकिरी झाली की पांढऱ्या कागदावर झटका आणि काळी भुकटी, म्हणजेच बी, कोरड्या पाकिटात ठेवा. पुढे ओल्या पीटवर नुसती भुरभुरवा, वर माती टाकू नका; उजेड लागतो. सड्यावरचं रोप उपटून आणू नका, नाजूक मुळं तुटतात आणि ते जगत नाही.

सह्याद्रीतच चंद्रकोरीच्या पानांचा ड्रॉसेरा पेल्टाटाही आहे. तो कंदाचा. खोड पिवळं पडू लागलं की पाणी कमी करत न्या, वाळल्यावर बंद करा. वाटाण्याएवढा कंद खाली जिवंत असतो. रोप गेलं असं समजून कुंडी रिकामी करणं किंवा पाणी देत राहून कंद कुजवणं, चुका होतात त्या याच दोन. कुंडी किमान १५ सेंमी खोल हवी आणि झोपेत ती सावलीत ठेवायची, उन्हात पीट भाजून निघतं.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दलदलीतला ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया थंडीत घट्ट हिरवी कळी होऊन झोपतो. त्याला तीन-चार महिने गारवा लागतो, पुण्यातला हिवाळा पुरत नाही. कळी ओलसर स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात. बुरशी येते, म्हणून दर पंधरवड्याला उघडून पाहा.

नवख्या माणसाने दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या ड्रॉसेरा कॅपेन्सिसपासून सुरुवात करावी. तो झोपत नाही. कुंडीखालच्या ताटलीत कायम १-२ सेंमी पाणी, सकाळचं ऊन, ३५ अंशांवर दुपारची सावली. एक पान तोडून स्वच्छ पाण्यात तरंगत ठेवलंत तर महिना-दीड महिन्यात त्यावर पिल्लं दिसतात. पानांवर दव नसेल तर आधी उजेड वाढवा. खत घालू नका.

मुंबई-कोकणातल्या उकाड्याला मात्र उत्तर ऑस्ट्रेलियातले ड्रॉसेरा पॅराडॉक्सासारखे दवबिंदू जास्त मानवतात, कारण तिथेही पावसाळा आणि लांब कोरडा काळ असतो. कोरड्या दिवसांत पानं आखडून लोकरीसारखी लव दिसू लागली की ताटलीतलं पाणी काढा, पीट जेमतेम ओलसर राहू द्या. मधोमध नवी पानं लांबायला लागली की पाणी पुन्हा भरा.