चौकाची पुनर्रचना करताना या चुका टाळा

वर्दळीच्या चौकाची पुनर्रचना करायची ठरली की आधी वाहने मोजली जातात, मग आराखडा काढला जातो आणि आजूबाजूच्या वस्तीवर काय परिणाम होईल याचा विचार शेवटी, बहुधा आराखडा जवळपास पक्का झाल्यावर, उरकला जातो. बहुतेक चुकांचे मूळ या क्रमातच असते. चौकात वेळ कोणाचा वाचला आणि त्यापायी वळसा, गोंगाट, ताटकळणे किंवा धोका कोणाच्या वाट्याला आला, हे एकाच तक्त्यात समोरासमोर मांडले नाही तर चौक कागदावर सुधारतो आणि त्रास दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बसतो.

मोजणीच चुकीची असणे

स्टॉप लाइनवर वाहने मोजून त्या आकड्यालाच मागणी समजणे ही सर्वांत जुनी चूक आहे. एका लेनला सलग हिरवा दिवा मिळाला तर तिच्यातून तासाला साधारण १,८०० ते १,९०० मोटारी जातात. हिरवा दिवा एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाइतकाच असेल तर साडेचारशेच्या आसपास. मोजणीत तासामागून तास हाच आकडा येत असेल, तर तो मागणीचा आकडा नसून चौकाच्या मर्यादेचा आहे, कारण मागे रांगेत अडकलेली वाहने त्यात आलेलीच नाहीत. म्हणून स्टॉप लाइनबरोबरच रांगेचे शेपूट कुठवर गेले आहे, हे दर काही मिनिटांनी नोंदवावे लागते. ते शेपूट मागच्या चौकात शिरत असेल तर प्रश्न एका चौकाचा उरत नाही आणि दोन्ही चौकांचा अभ्यास एकत्रच करावा लागतो.

दुसरी गोम एककात आहे. निरनिराळ्या वाहनांची बेरीज करण्यासाठी जे पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एका मोटारीच्या मापाचे) एकक वापरतात, त्यात बस साधारण तीन मोटारींइतकी धरली जाते. जागेचा हिशोब म्हणून ते रास्त आहे. पण वाचलेल्या वेळेचा हिशोबही त्याच एककात मांडला, तर बसमधल्या पन्नास प्रवाशांची किंमत तीन मोटारींतल्या चार-पाच माणसांइतकी होते. उशिराचा तक्ता वाहनांमागे न मांडता माणसांमागे मांडला की पर्यायांचा क्रम पुष्कळदा उलटतो, आणि हा प्रयोग करायला गुणाकारापलीकडे काही लागत नाही. शिवाय जी माणसे भीतीपोटी तो चौक पायी ओलांडायचे सोडून बसली आहेत, ती कोणत्याच मोजणीत येत नाहीत. पादचारी कमी दिसतात म्हणून त्यांना हिरवा दिवाही कमी द्यावा, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

सिग्नल वाहनांच्या घड्याळावर बसवणे

सिग्नलचा टप्पा बदलताना दर वेळी सुमारे चार सेकंद वाया जातात. चार टप्पे असतील तर एका आवर्तनात, म्हणजे सगळे टप्पे एकदा होऊन जाण्याच्या वेळेत, सोळा सेकंद. आवर्तन साठ सेकंदांचे असेल तर ही तूट २७ टक्के होते, १२० सेकंदांचे असेल तर १३ टक्के. त्यामुळे आवर्तन लांबवण्याचा मोह स्वाभाविक आहे. ब्रिटिश संशोधक एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये योग्य आवर्तनाचे जे सूत्र मांडले, ते आजही शिकवले जाते आणि उपयोगीही आहे. मात्र ते वाहनांचा उशीर कमीत कमी करण्यासाठी बेतलेले असून त्यात पादचाऱ्याच्या थांबण्याला स्थान नाही. पादचाऱ्याचा धीर साधारण तीस सेकंदांनंतर सुटू लागतो. शंभर सेकंद ताटकळलेला माणूस लाल दिव्यात रस्त्यावर उतरतो, तेव्हा त्याला बेशिस्त म्हणणे सोपे असते, पण त्या बेशिस्तीचा थोडा वाटा वेळापत्रक लिहिणाऱ्याकडेही जातो.

याहून मोठी चूक चालण्याच्या वेगाची. साडेतीन मीटरच्या सहा लेन म्हणजे २१ मीटर रुंदी. सेकंदाला १.२ मीटर हा नेहमीचा वेग धरला तर ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात आणि आराखड्यात तेवढेच दिले जातात. आता हातात काठी असलेल्या आजींचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरा. साडेसतरा सेकंद संपतात तेव्हा त्या १४ मीटरवर पोहोचलेल्या असतात. पुढे अजून दोन लेन आहेत, बाजूची वाहने गुरगुरू लागली आहेत आणि मागे फिरण्यात काही अर्थ नाही. वळणासाठी आणखी एक लेन वाढवली की त्यांच्या वाटेत जवळपास साडेचार सेकंदांची भर पडते. वाहनांना मिळालेला फायदा अहवालात येतो; या साडेचार सेकंदांची नोंद मी तरी फारशी पाहिलेली नाही.

यावर उपाय आहेत. रस्त्याच्या मधोमध व्हीलचेअर किंवा बाबागाडी निर्धास्त थांबू शकेल असा, निदान दोन मीटर खोलीचा थांबा ठेवता येतो. वळणाऱ्या वाहनांच्या आधी पादचाऱ्यांना तीन ते सात सेकंदांची आघाडी देता येते, म्हणजे वाहने वळू लागेपर्यंत ते झेब्रा क्रॉसिंगवर ठळकपणे दिसू लागतात. मात्र मधला थांबा ठेवून ओलांडणे दोन वेगळ्या दिव्यांत तोडले आणि दोन्हीकडे पुन्हा थांबायला लावले, तर उपायच त्रास होऊन बसतो.

वळवलेली वाहतूक नाहीशी झाली असे मानणे

डाव्या बाजूने वाहने चालतात तिथे उजवे वळण चौकाला जड जाते, कारण समोरचा प्रवाह थांबवल्याशिवाय ते घेता येत नाही. ते बंद केले की सिग्नलचा एक टप्पा वाचतो आणि चौक मोकळा होतो. वळणारी वाहने मात्र कुठे जात नाहीत. ती पुढे जाऊन गल्लीतून तीन डावी वळणे घेतात.

त्या गल्लीत काय होते ते आवाजाच्या हिशोबातून पाहण्यासारखे आहे. वाहनांचा प्रकार आणि वेग तोच राहिला तर संख्या दुप्पट झाल्यावर आवाजाची पातळी तीन डेसिबलने वाढते. समजा मुख्य रस्त्यावर तासाला ३,००० वाहने आहेत आणि त्यांतली ३५० अशा गल्लीत वळली, जिथे आधी फक्त ५० होती. मुख्य रस्त्यावरचा आवाज जेमतेम अर्ध्या डेसिबलने उतरतो आणि तो कोणाच्याही कानाला जाणवत नाही. गल्लीत मात्र वाहने आठपट होतात आणि आवाज नऊ डेसिबलने चढतो. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट भासते. वाहनांची संख्या दोन्हीकडे तेवढीच बदलली, पण ज्यांच्याकडून ओझे उतरले त्यांना ते कळले नाही आणि ज्यांच्यावर चढले त्यांची झोप गेली. सरासरी काढली तर हे दिसत नाही. म्हणून परिणामांचा तक्ता रस्त्यागणिक वेगळा ठेवावा आणि त्यात आधीच्या पातळीचा रकाना अवश्य असावा.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे. एखादी लेन कमी करायची म्हटले की सगळी वाहने शेजारच्या रस्त्यांवर कोसळतील असे गृहीत धरले जाते. दक्षिण कोरियातील सोल शहरात च्योंगग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडला गेला आणि २००५ मध्ये ओढा खुला झाला. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. लोक प्रवासाची वेळ बदलतात, साधन बदलतात, काही फेऱ्या टाळतात. १९६८ मध्ये गणिती डीट्रिश ब्रेस यांनी तर जाळ्यात नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास लांबू शकतो, हे दाखवून दिले. अर्थात यावरून कोणताही रस्ता बंद करावा असा अर्थ काढणे हा दुसरा अतिरेक होईल. परिणाम दोन्ही दिशांनी चुकू शकतो, म्हणून तो गृहीत न धरता तपासावा लागतो. आणि त्यासाठी तात्पुरते खांब, प्लास्टिकचे शंकू आणि रंगाचे पट्टे वापरून काही आठवडे केलेली चाचणी पुरते. मात्र पहिल्या आठवड्याचे आकडे बाजूला ठेवावेत, कारण तेव्हा लोक अजून चाचपडत असतात.

कडेच्या गोष्टी विसरणे

चौकाच्या कोपऱ्याची वक्रता मोठ्या वाहनांसाठी वाढवली की लहान वाहनेही वेगाने वळतात आणि पादचाऱ्याची वाटही लांबते. सिग्नलच्या लगेच पलीकडे बसथांबा नेणे सहसा चांगले, पण तिथे एकाच वेळी किती बस उभ्या राहतील हे न पाहिल्यास मागची बस थेट चौकात अडकते. माल उतरवायची जागा काढून टाकली तरी माल यायचा थांबत नाही, तो लेन अडवून उतरतो. जुन्या थरावर नवा थर चढवून रस्त्याची पातळी वाढवली, तर पहिल्याच मोठ्या पावसात कडेच्या उंबरठ्यांमधून पाणी आत येते. गटारांच्या झाकणांची आणि पदपथाची पातळी त्याच नकाशात हवी. झाडे वाचवली असे लिहून मुळांवर खोदकाम केले, तर झाड दोन-तीन वर्षांनी वाळते आणि तोवर कंत्राट संपलेले असते.

गोलाकार चौकाबद्दल दोन शब्द. एका लेनच्या गोलात वाहनांच्या संघर्षाचे बिंदू, म्हणजे त्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात त्या जागा, चार रस्त्यांच्या साध्या चौकातल्या ३२ वरून ८ वर येतात, हा मोठा लाभ आहे. परंतु वाहतुकीचा प्रवाह सलग चालू राहत असल्याने अंध व्यक्तीला केवळ कानांनी योग्य फट ओळखणे अवघड जाते, आणि ही अडचण गोल बांधून झाल्यावर उमगली तर दुरुस्ती महागात पडते.

काम संपल्यावर बिनसले तर

लोक कठडा ओलांडून भलतीकडून जात असतील, तर कठडा उंच करण्याआधी ते कुठून कुठे जातात हे अर्धा तास उभे राहून पाहावे. बहुतेक वेळा झेब्रा क्रॉसिंगच लोकांच्या वाटेपासून दूर गेलेले असते. गल्लीत वाहने घुसत असतील तर केवळ पाटी लावून भागत नाही. पायी आणि सायकलने जाता येईल, पण मोटारीला आरपार जाता येणार नाही अशी अडवणूक, किंवा एकेरी दिशा अशी निवडणे की वळसा घालण्यात वेळ वाचणारच नाही, हे उपाय टिकतात. मात्र एका गल्लीला आड घातल्यावर त्याच दिवशी शेजारच्या गल्लीतही मोजणी सुरू करावी. पुढच्या चौकात रांग वाढली असेल, तर आधी दोन सिग्नलांमधला वेळेचा मेळ तपासावा. नवे बांधकाम त्यानंतर.

अपघात कमी झाल्याचा दावाही घाईने करू नये. चौक बहुधा वाईट वर्ष गेल्यावरच दुरुस्तीला निवडला जातो आणि वाईट वर्षानंतरचे वर्ष काहीही न करता बरे जाण्याची शक्यता असतेच. म्हणून आधीची आणि नंतरची किमान तीन-तीन वर्षे घ्यावीत, तशाच पण हात न लावलेल्या एखाद्या चौकाची आकडेवारी शेजारी मांडावी, आणि ज्या गल्ल्यांमध्ये वाहतूक वळली तिथले अपघात याच चौकाच्या खात्यात धरावेत.