मालवणात स्नॉर्केलिंग: आधी मास्क, मग मासे

बेळगावहून मालवणला स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघणं) करून आलेल्या माणसाला ‘काय काय दिसलं?’ असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर येतं, ‘पाणी. तेही नाकात गेलेलं.’ पैसे गेले, रविवार गेला, आंबोली घाटाची वळणं सोसली आणि हाती काय लागलं, तर लाइफ जॅकेट घालून होडीत बसलेला एक फोटो. मी हे सगळं करून बसलोय. त्यानंतर जवळजवळ दर हिवाळ्यात जातो, कधी घरच्यांना घेऊन, कधी गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना. त्यावरनं सांगतो. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, टॉवेल विसरू नका, असले सल्ले इथे मिळणार नाहीत. तेवढं तुम्हाला कळतं.

दिवस: वार नको, तिथी बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसुद्धा बंद असते, तेव्हा जून ते ऑगस्ट विचारच नको. मे महिन्यात पोरांना सुट्टी म्हणून सगळं बेळगाव तिकडे लोटतं. जेटीवर बघावं तिकडे केए-22 च्या पाट्या. त्या गर्दीत तुमच्या वाट्याला गाइड येतो तो दमलेला आणि घाईतला.

कॅलेंडर काढलंत की रविवार शोधायच्या आधी तिथी शोधा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, तळाचा गाळ ढवळून निघतो आणि खाली सगळं ताकासारखं दिसतं. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते. पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी म्हणजे दहा, दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसाताच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं आणि साधारण सव्वासहा तासांनी, पावणेदोनला, उतरलेलं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

माझ्या मते नवमी-दशमी उत्तम. एकादशीलाही पाणी छान असतं, पण एकदा आम्ही नेमके एकादशीला गेलो. आई बरोबर होती. दुपारी शेजारच्या टेबलावर सुरमई तळून येतेय आणि आम्ही मालवणात साबुदाण्याची खिचडी शोधत फिरतोय. ती चूक पुन्हा केली नाही.

निघणं

पहाटे साडेतीनला बेळगाव सोडा. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, मालवण. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण घाट आणि धुकं धरून चार तास लागतातच. शिनोळीत दुकानांच्या पाट्या कन्नडमधनं मराठीत येतात, तेवढ्यात गाडीतलं कुणीतरी ‘आलो गा महाराष्ट्रात’ म्हणतंच. त्याला झोपू द्या. आदल्या रात्री जाऊन मुक्काम करता आला तर फारच बरं.

ज्यांना घाट लागतो त्यांना होडीही लागते. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी निघतानाच घ्या. जेटीवर पोचून घेतलेली गोळी होडीतनं उतरल्यावर काम करते. वाटेत इडली चालेल, चहा चालेल. मिसळ नको. उपाशीही नको. आणि पाण्यात उतरायच्या आधी बिअरचा एक घोटही नको. यावर मी मंडळाच्या पोरांशी वाद घालत नाही, प्यायलेल्याला सरळ होडीतच बसवतो.

गाइड ठरवताना

फोनवर भाव करण्यात अर्धा तास घालवू नका. तीन प्रश्न विचारा. पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं? एका गाइडमागे किती माणसं? मास्क किती मापांचे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कोणीही गोड देतो. तिसऱ्याला जो ‘सगळ्यांना बसतो’ म्हणतो, त्याला नमस्कार करून दुसरा नंबर लावा. स्कूबा आणि स्नॉर्केलिंग यांतला फरकही तिथेच स्पष्ट करून घ्या. स्कूबात पाठीवर हवेचं नळकांडं घेऊन खाली जातात, स्नॉर्केलिंगमध्ये पाण्यावरच पालथं तरंगायचं, तोंडात वर निघालेली नळी आणि डोळ्यांवर मास्क. पोहता येत नसलं तरी चालतं.

क्रमही तुम्हीच सांगा: आधी पाणी, मग किल्ला, जेवण, शेवटी देवबागचा किनारा. गाइड उलटा क्रम सुचवतील, कारण त्यांना होड्या फिरत्या ठेवायच्या असतात. पण सकाळी वारा पडलेला असतो, दुपारी समुद्रावर बारीक लाटा उठतात आणि त्याच लाटा नळीत शिरतात.

मास्क

आता मुद्द्याचं. बाकी सगळं चुकलं तरी दिवस निभतो. इथे चुकलं की संपलं.

माझी पहिली खेप. दुपारचा एक वाजलेला, होडीत चौदा माणसं. गाइडनं प्लास्टिकच्या टोपलीतनं एक मास्क काढून माझ्याकडे टाकला. घातला, उतरलो, तोंड पाण्यात घातलं आणि नाकाशी पाणी. वर आलो, पट्टा ओढून घट्ट केला. पुन्हा पाणी. अजून घट्ट केला. तिसऱ्यांदा नाकानं जोरात श्वास ओढला आणि खारट पाणी थेट टाळूला. खोकत, हातपाय झाडत मास्क ओरबाडून काढला. गाइड ओरडतोय, ‘नाकान नको, तोंडान घे!’ होडीतनं माझा मित्र हसत ओरडतोय, ‘अरे काय करायलास, वर ये की!’ वर आलो तो पुन्हा उतरलोच नाही. लहानपणी खानापुराकडच्या विहिरीत कठड्यावरनं उड्या मारणारा मी, आणि कमरेला रिंग असताना घाबरलो.

पुढे कळलं की मी तीन चुका केल्या होत्या, आणि तिन्ही पाण्यात उतरायच्या आधीच्या.

पहिली पट्ट्याची. मास्क पट्ट्यानं चिकटत नाही. तो चिकटतो पाण्याच्या दाबानं आणि कडेच्या सिलिकॉनच्या मऊ झालरीनं. पट्टा फक्त तो जागेवर धरतो. पट्टा आवळला की झालर मुडपते, फट पडते आणि पाणी आणखी येतं. माणूस आणखी आवळतो. मी तेच करत होतो.

म्हणून मास्क निवडताना पट्टा बाजूला करा. नुसता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्यावर तसाच राहिला तर तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा मागा. तोही पडला तर तिसरा. मागे उभा असलेला माणूस ‘चला हो काका’ म्हणेल. म्हणू द्या. झालरीखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी येतं, तेव्हा बायकांनी आणि लांब केसवाल्या पोरांनी कपाळावरचे केस मागे घट्ट बांधावेत.

दुसरी चूक मिशीची. याबद्दल जेटीवर कोणी बोलत नाही, आणि आपल्याकडे तर प्रत्येकाला भरघोस मिशी. नाकाखाली झालर बसते तिथेच मिशीचा वरचा काठ येतो. केसांतनं पाणी वातीसारखं वर चढतं. ‘व्हॅसलीन थापा’ म्हणणारे भेटतील. मी थापलं, दहा मिनिटं टिकलं, मग काचेवर तुपकट डाग. पूर्ण मिशी काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खालची, गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीची पट्टी वस्तऱ्यानं साफ करा. वरून बघणाऱ्याला कळतही नाही. मी दोन खेपा अडून बसलो होतो. शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, मिशी बघायची की मासे बघायचे?’ त्या सकाळी दाढी करताना तेवढी पट्टी काढली, आणि पहिल्यांदा वीस मिनिटं मास्क कोरडा राहिला.

तिसरी चूक श्वासाची, आणि ही जेटीवर शिकता येत नाही. पाण्यात तोंड गेलं की शरीर आपोआप श्वास रोखतं किंवा नाकानं ओढतं. विहिरीत पोहणाऱ्यांना ही सवय जास्तच, आपण नाक धरून उडी मारणारे लोक. हे घरीच मोडावं लागतं. निघायच्या आधी चारपाच दिवस बादली काठोकाठ भरा, तोंडात नळी धरा (नळी विकत घ्या, महाग नसते आणि दुसऱ्याच्या तोंडातली वापरायला नको), आणि मास्क न लावता तोंड नाकासकट पाण्यात बुडवून पन्नास श्वास तोंडानं घ्या. पहिल्या दिवशी मी सातव्या श्वासाला ठसकलो. पोरगं मोबाईलवर शूटिंग करत होतं. चौथ्या दिवशी पन्नास झाले. नाक उघडं असून पाण्यात आहे आणि तरी श्वास चाललाय, हे एकदा डोक्यात बसलं की मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं तरी भीती वाटत नाही.

श्वास सावकाश आणि पूर्ण घ्या. धापा टाकल्यासारखे छोटे श्वास घेतले तर नळीतली वापरलेली हवाच आत-बाहेर होत राहते, ताजी हवा छातीपर्यंत पोचत नाही, आणि दम लागल्यासारखं वाटून माणूस आणखी धापा टाकतो. नळीत पाणी शिरलं तर डोकं वर काढायची घाई करू नका. चुलीत फुंकणी मारतात तशी एकच जोरदार फुंकर मारा, पाणी वरून उडतं. पुढचा श्वास मात्र हळू घ्या, तळाशी थोडं उरलेलं असतं. मास्कमध्ये पाणी आलं तर डोकं वर काढून खालची कड किंचित उचला, निथळून जातं.

काचेवर वाफ धरते त्यावर उपाय थुंकी. कोरड्या काचेवर आतून थुंका, बोटानं चोळा, समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळा. किळस येत असेल तर वीस मिनिटं धुकं बघा.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली ऑनलाइन मिळतात. माझं ठाम मत, घेऊ नका. त्यात सोडलेली हवा कोंडण्याचा धोका असतो, आणि घाबरल्यावर एका झटक्यात काढता येत नाहीत. साधा मास्क, साधी नळी.

चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबर थोडा असेल तर तसेच उतरा. पाण्यात वस्तू एरवीपेक्षा मोठ्या आणि जवळ दिसतात.

पाण्यात

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधून घ्या, नाहीतर ते वर सरकून कानाशी येतं आणि मान वळत नाही. शिडीवरनं उतरा, उडी मारू नका. पहिली दोन मिनिटं रिंग धरून नुसतं तोंड पाण्यात ठेवा, मासे शोधू नका, श्वास मोजा. गाइड ओढत नेऊ लागला तर ‘दादा, जरा थांब’ म्हणा. मग हातपाय सैल सोडा.

किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पाणी फार खोल नाही. हे अंदमान नव्हे. पाणी हिरवट असतं, चांगल्या दिवशीही चारपाच मीटरपलीकडचं धूसर. पण खाली खडकाच्या कपारीतनं काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे झुंडीनं निघतात, मध्येच एखादा चपटा पिवळाधमक जोडीनं फिरताना दिसतो, आणि खडकाला चिकटलेली तपकिरी, मेंदूसारख्या घड्यांची ढेकळं दिसतात ती जिवंत प्रवाळं. त्यांवर उभं राहायचं नाही. फटींत काळे, लांब काट्यांचे गोळे बसलेले असतात; त्यावर पाय पडला तर काटा आत मोडतो आणि आठवडाभर लंगडावं लागतं.

हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचा. तरी काही गाइड मासे गोळा करायला पाव कुस्करून टाकतात, फोटो भरगच्च यावा म्हणून. नको म्हणून आधीच सांगा. मी पाव किलो कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन जातो, तो तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, हातात देतो आणि मग सांगतो. ऐकतात.

बाकीचा दिवस

कपडे बदलून साडेदहापर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यात शिरा, दीड तास पुरे. कुरटे बेटावर 1664 साली काम सुरू झालं आणि पाया घालताना शिसं ओतलं, हे शाळेत वाचलेलं असतं. तट बघताना आठवतं. शिवराजेश्वर मंदिर बघा, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघा. तासाभरापूर्वी नाकात काय गेलं होतं ते आठवलं की त्यांची किंमत कळते. जेवण मालवणातच. अडीचच्या सुमारास देवबागला नदी-समुद्राच्या संगमावर होडी घ्या. त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा पाणी उतरल्यावरच नीट चालण्याजोगा असतो, आणि दशमी धरली असेल तर नेमकी तीच वेळ येते.

चारला परत फिरा म्हणजे घाट उजेडाच्या आसपास निघतो. आंबोलीत चहाला थांबाल तेव्हा गाडीच्या आरशात एकदा कपाळ बघा. मास्कची पुसट लाल खूण असणारच. बोट फिरवल्यावर ती खोल लागत असेल तर पट्टा अजूनही घट्टच बांधताय.