पालिकेत सत्ता कुणाकडे गेली? निकालानंतरचं मोजमाप कसं करायचं

मुंबई महानगरपालिकेचा निकाल लागला की सगळ्या वाहिन्यांवर एकच आकडा फिरतो: ११४. सभागृहात २२७ निवडून आलेले नगरसेवक, त्यामुळे बहुमत ११४. आकडा बरोबर आहे, पण त्यावरून महापौर कुणाचा एवढंच कळतं. पैसा कुणाच्या सहीने सुटणार आणि तुमच्या गल्लीतल्या गटाराचं काम कोण अडवणार, ही उत्तरं पुढच्या दोन-तीन महिन्यांत वेगळ्याच जागी ठरतात.

आधी एक गोष्ट पक्की धरा. मुंबईचा कारभार १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमावर चालतो, आणि त्यात कार्यकारी अधिकार महापौराकडे नाहीत, आयुक्तांकडे आहेत. आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौर सभागृह चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, रुग्णालयांना भेटी देतो. मान मोठा, अधिकार बेताचे. त्यामुळे मंत्रालयातली सत्ता आणि पालिकेतली सत्ता एकाच बाजूची आहे की नाही, हे निकालाच्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा. मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर निवडणूकच झाली नाही आणि जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. नगरसेवकांशिवाय पालिका चालू शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. कशी चालते, त्यावर मात्र मतभेद आहेत.

पहिलं काम: तक्ता करा, आघाड्या नंतर

वहीत पक्षवार आकडे लिहा. युती-आघाडीची बेरीज आधी करू नका, ती फसवते. जानेवारी २०२६च्या निकालाचा तक्ता असा: भाजप ८९, शिवसेना (ठाकरे) ६५, शिवसेना (शिंदे) २९, काँग्रेस २४, एमआयएम ८, मनसे ६, राष्ट्रवादी (अजित पवार) ३, समाजवादी पक्ष २, राष्ट्रवादी (शरद पवार) १. एकूण २२७ आले तर तक्ता बरोबर. नामनिर्देशित नगरसेवक यात धरायचे नाहीत. पूर्वी ते ५ होते, २०२३च्या दुरुस्तीनंतर १० झाले, पण त्यांना मतदानाचा अधिकार नाही. बातमीत कधीकधी सभागृह २३७चं आहे असं म्हणून बहुमत ११९ सांगतात, ते चूक.

भाजप आणि शिंदेसेना मिळून ११८, म्हणजे महापौरपदापुरतं भागलं. महापौराची निवड हात वर करून होते आणि पक्षादेश (व्हिप) लागू असतो, म्हणून तिथे दगाफटका सहसा होत नाही. लक्ष ठेवायचं ते गैरहजरांवर, कारण हिशेब हजर राहून मत देणाऱ्यांचाच होतो. महापौरपदाचं आरक्षण नगरविकास खात्याच्या सोडतीत निघतं, मुदत अडीच वर्षं. सोडतीपूर्वी वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘संभाव्य महापौर’ याद्यांवर वेळ घालवू नका.

गट नोंदणी: बातमीत दोन ओळी, परिणाम पाच वर्षं

निकालानंतर प्रत्येक पक्ष आपल्या नगरसेवकांचा गट कोकण विभागीय आयुक्तांकडे नोंदवतो. म्हणूनच त्या आठवड्यात नगरसेवकांच्या बसगाड्या बेलापूरच्या कोकण भवनाकडे जाताना दिसतात. गट कुणी, कुणाबरोबर आणि कुणाला गटनेता करून नोंदवला, या तीन गोष्टी टिपून ठेवा. समित्यांवर नावं द्यायचा हक्क गटनेत्याचा. तो बंद लिफाफ्यात नावं देतो, महापौर ती सभागृहात वाचून दाखवतात. सभागृहात गाजणारा नगरसेवक समितीवर दिसला नाही, तर कारण बहुधा त्या लिफाफ्यातच असतं.

समित्यांच्या जागा तौलनिक संख्याबळावर, म्हणजे सभागृहातल्या संख्येच्या प्रमाणात मिळतात. मोठी कंत्राटं जिच्यासमोर येतात त्या स्थायी समितीत सभागृहातून भरायच्या २६ जागा असतात, शिवाय शिक्षण समितीचा अध्यक्ष पदसिद्ध सदस्य. हिशेब स्वतः करून पाहा: गटाची संख्या भागिले २२७, गुणिले २६. आधी पूर्णांक वाटायचे, मग उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकापासून खाली.

भाजप १०.१९, ठाकरेसेना ७.४४, शिंदेसेना ३.३२, काँग्रेस २.७५, एमआयएम ०.९२, मनसे ०.६९, अजित पवारांची राष्ट्रवादी ०.३४, सपा ०.२३, शरद पवारांची ०.११. पूर्णांकांच्या २२ जागा झाल्या, ४ उरल्या. त्या एमआयएम, काँग्रेस, मनसे आणि ठाकरेसेना यांना. म्हणजे भाजप १०, ठाकरेसेना ८, शिंदेसेना ३, काँग्रेस ३, एमआयएम १, मनसे १.

आता बेरीज करा. सभागृहात ११८ असलेली युती स्थायी समितीत १३, आणि समोर १३. सगळे पक्ष स्वतंत्र गट म्हणून राहिले, तर सभागृहात बहुमत आणि तिजोरीच्या दारात बरोबरी.

मग तीन नगरसेवकांच्या पक्षाला एवढा भाव का येतो, ते इथे उलगडतं. अजित पवारांचे ३ शिंदेसेनेबरोबर एकाच गटात नोंदले गेले, तर गट ३२चा, हिशेब ३.६७. अपूर्णांकाच्या रांगेत ०.६७ हा ठाकरेसेनेच्या ०.४४च्या पुढे जातो, चौथी जागा फिरते आणि चित्र १४ विरुद्ध १२ होतं. एकाही मतदाराने मत बदललेलं नसतं.

उलटंही घडतं. ठाकरेसेना आणि मनसे निवडणूक एकत्र लढले, म्हणून गटही एकच करावा असं कार्यकर्त्यांना वाटतं. करून बघा: ७१चा गट, हिशेब ८.१३. मिळतात ८ जागा, वेगळे राहिले तर ८ आणि १ मिळून ९ मिळत होत्या. सुटलेली जागा ०.३४वाल्याला, म्हणजे अजित पवारांच्या राष्ट्रवादीला जाते. भावनेच्या भरात केलेली गट नोंदणी अशी महागात पडते. गटनेता कसलेला आहे की नवखा, हेही इथेच दिसतं.

सुधार समिती, शिक्षण समिती आणि बेस्ट समिती यांचाही हिशेब याच रीतीने, फक्त सदस्यसंख्या बदलून.

स्थायी समितीत काय बघायचं

ठराविक रकमेवरचं प्रत्येक कंत्राट या समितीसमोर येतं. २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, यावरून या दाराची रुंदी कळावी. भाषणं ऐकू नका, प्रस्तावाचं काय झालं ते बघा. मंजूर, राखून ठेवला, परत पाठवला, की दप्तरी दाखल? दप्तरी दाखल म्हणजे प्रस्ताव मेला. राखून ठेवला म्हणजे बोलणी चालू आहेत. एखाद्या विषयावर तावातावाने हरकतीचा मुद्दा आला, सभा तहकूब झाली आणि पुढच्या बैठकीत तोच प्रस्ताव चर्चेविना मंजूर झाला, तर मधल्या दिवसांत काय झालं असेल याचा अंदाज तुम्ही बांधायचा.

अध्यक्षपद एका वर्षाचं, आणि निम्मे सदस्य दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला निवृत्त होतात. त्यामुळे निकालानंतरचा स्थायी समितीचा तक्ता पाच वर्षं पुरत नाही. दर एप्रिलला नवा करा.

अर्थसंकल्पाची गोम लक्षात ठेवा. आयुक्तांनी तो ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीला सादर करायचा असतो. निवडणूक जानेवारीत झाली, तर त्या वर्षीचा अर्थसंकल्प प्रशासनानेच आखलेला असतो. नव्या सत्ताधाऱ्यांचा त्यातला वाटा फेरफारापुरता. त्याचं श्रेय किंवा दोष त्यांना पूर्णपणे देऊ नका. त्यांचा खरा अर्थसंकल्प पुढच्या फेब्रुवारीचा.

विरोधी पक्षनेता आपोआप ठरत नाही

२०१७मध्ये शिवसेना ८४, भाजप ८२ असा निकाल होता. भाजपने महापौरपद लढवलं नाही, उलट शिवसेनेच्या उमेदवाराला मतं दिली आणि ‘पहारेकरी’ राहू म्हणत विरोधी पक्षनेतेपदही घेतलं नाही. ते ३१ जागांच्या काँग्रेसकडे गेलं. पुढे राज्यातली युती तुटल्यावर भाजपने ते पद मागितलं, प्रकरण न्यायालयात गेलं, तरी ते काँग्रेसकडेच राहिलं. सुरुवातीच्या आठवड्यात सोडलेलं पद नंतर हक्काने परत मिळत नाही, म्हणून पहिल्या सभेत कोण कोणत्या बाकांवर बसलं ते नोंदवून ठेवा.

मधल्या काळात आकडे कसे हलतात

तीन वाटा. पहिली, विलीनीकरण. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६नुसार पक्षाचे दोनतृतीयांश सदस्य एकत्र दुसऱ्या पक्षात गेले तर त्यांचं पद वाचतं. ऑक्टोबर २०१७मध्ये मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेत प्रवेश केला. गरज पाचांची होती. तक्त्यात प्रत्येक छोट्या गटापुढे हा आकडा आधीच लिहून ठेवा: ६ असतील तर ४, ८ असतील तर ६, २४ असतील तर १६. ‘दोन नगरसेवक संपर्कात’ अशी बातमी आली की किती गांभीर्याने घ्यायची ते लगेच कळतं.

दुसरी वाट जात पडताळणीची. राखीव जागेवर निवडून आलेल्याचं प्रमाणपत्र अवैध ठरलं तर पद जातं. तिसरी वाट निवडणूक याचिकेची, म्हणजे निकालाला न्यायालयात आव्हान देण्याची. मुंबईत ती लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे चालते आणि दाखल करायची मुदत अवघी दहा दिवसांची. या दोन वाटांनी जागा रिकामी झाली की पोटनिवडणूकच होईल असं धरू नका. मुंबईत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला न्यायालयाने नगरसेवक ठरवल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तक्त्यात राखीव प्रभागांपुढे दुसऱ्या क्रमांकाचा पक्षही लिहा.

आपल्या गल्लीपुरतं

निवडणुकीचे प्रभाग २२७: दहिसरला १, कुलाब्याला २२७. अक्षरांची विभाग कार्यालयं वेगळी: ए, जी उत्तर, के पश्चिम वगैरे. तक्रार विभाग कार्यालयात जाते, नगरसेवक प्रभागाचा असतो. एका सोसायटीची एक बाजू एका प्रभागात आणि दुसरी दुसऱ्यात, असंही होतं. आपली इमारत कुठे येते ते मतदार यादीवरून तपासा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको.

विभागातले नगरसेवक मिळून प्रभाग समिती होते. काही ठिकाणी दोन-तीन विभागांची एकच, जशी ए, बी आणि ई यांची. तिचं बहुमत सभागृहातल्या बहुमतापेक्षा वेगळं असू शकतं आणि बरोबरी झाली तर अध्यक्ष चिठ्ठीने ठरतो. नागरिकांना उपयोगाची गोष्ट अशी की बिगरसरकारी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी समितीवर घेण्याची तरतूद कायद्यात आहे. बहुतेकांना ती ठाऊक नसते. नगरसेवकही आपणहून सांगत नाहीत. तुमच्या भागात नोंदणीकृत नागरिक संघ असेल, तर समितीच्या पहिल्या दोन बैठकांच्या आत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या.

काम सुचवायचं असेल तर फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. दिवाळीच्या आसपास नगरसेवक आणि सहायक आयुक्त, दोघांनाही एकच पत्र द्या: रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, अंदाजे लांबी, फोटो. नगरसेवक विरोधी बाकांवर असेल तर त्याला ‘ठरावाची सूचना’ मांडायला सांगा. निधी मिळाला नाही तरी प्रशासनाला लेखी अभिप्राय द्यावा लागतो आणि तो कागद पुढच्या वर्षी कामी येतो.

बैठकीचं इतिवृत्त हवं असेल तर चिटणीस खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर अर्ज रेंगाळतो. समितीचं नाव, बैठकीची तारीख आणि विषय क्रमांक, एवढंच लिहा.