४०४ची साफसफाई: आधी लॉग, मग रीडायरेक्ट

अ‍ॅक्सेस लॉगमधल्या, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदीतल्या, ४०४च्या (‘पान सापडलं नाही’) ओळी मागितलेल्या पत्त्यानुसार मोजा. साइट वर्डप्रेसवर नसतानाही डब्ल्यूपी-लॉगिन (वर्डप्रेसचं लॉगिन पान) मागणारे बॉटच, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रामच असतात. त्यांना रीडायरेक्ट देऊ नका, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर वळवू नका. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ४४४ हा कोड लावून, उत्तर न देता जोडणीच तोडा. पासवर्ड आणि कीज ठेवायच्या डॉट-ईएनव्ही फाइलच्या मागणीला २०० (‘मागणी यशस्वी’) गेलेला दिसला, तर मात्र हातातलं काम सोडा. फाइल खरंच उघडी असेल, तर ती बंद करून सगळे पासवर्ड आणि कीज बदला.

उरलेल्या ४०४ ओळींचा रेफरर, म्हणजे मागणी कोणत्या पानावरच्या दुव्यावरून आली ते, पाहा. चुकीचा दुवा आपल्याच पानावर असेल, तर तिथेच सुधारा. पान नव्या पत्त्यावर हललं असेल तर ३०१ (कायमचा रीडायरेक्ट), कायमचं काढलं असेल तर ४१० (‘पान गेलं’). सगळं मुखपृष्ठाकडे वळवू नका. वाचक हरवतो आणि गूगलही त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे प्रत्यक्षात न सापडलेलंच पान, धरू शकतं. नवा नियम आधी ३०२ने (तात्पुरता रीडायरेक्ट) तपासा, कारण ब्राउझर ३०१ साठवून ठेवतो आणि तुमची चूक वाचकाकडे राहून जाते.