बिघडला तर कोण धावणार? डेस्कटॉप तयार घ्यायचा की जुळवायचा

गेल्या वर्षभरात माझ्या गळ्यात दोन डेस्कटॉपची खरेदी पडली. एक चिपळूणच्या मामांसाठी, दुसरी ठाण्याच्या भाचीसाठी. मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे असलं हार्डवेअर. त्यांना टॅली, जीएसटीची बिलं आणि प्रिंटर चालला की झालं. भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एका रेंडरला, म्हणजे इमारतीचं खऱ्यासारखं चित्र तयार व्हायला, रात्र जायची. मामांना मी ब्रँडेड तयार संच घेऊन दिला, भाचीबरोबर बसून सुटे भाग जुळवले. दोन्ही वेळी ठरवताना पैशांचा हिशोब नंतर केला. आधी विचारलं, हा बंद पडला तर कोण धावणार?

चिपळूणला मी धावू शकत नाही. डोंबिवलीहून जाऊन-येऊन दोन दिवस मोडतात. तिथं दुकान उघडं असताना बिल निघालं नाही तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. त्यामुळे घरी येऊन दुरुस्त करणारी तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी हा त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा 'पार्ट' होता. भाची मात्र स्वतः उघडून बघणारी, आणि दोन वर्षांनी तिला जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागणार हे आत्ताच दिसतंय. तिला हवं तेव्हा उघडून भरता येईल असं कपाट हवं होतं, बंद खोका नको होता.

तयार संच घेताना

दुकानदार 'आय फाइव्ह आहे' म्हणाला तर तेवढ्यावर मान डोलवू नका. आय फाइव्ह हा इंटेलचा प्रोसेसर २०१२ सालचाही असतो आणि कालचाही. प्रोसेसरचं पूर्ण नाव, आकड्यांसकट, कागदावर लिहून घ्या. ऑनलाइन पंधरा-अठरा हजारांत 'आय५, १६ जीबी, ५०० जीबी' असे चकाचक संच दिसतात. त्यांत बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा जुना प्रोसेसर नव्या कॅबिनेटमध्ये बसवलेला असतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे घेतल्या दिवशीच शिळा.

मग रॅम किती हे विचारताना ती किती काड्यांमध्ये (पट्ट्यांमध्ये) आहे आणि बोर्डावर आणखी काडीची जागा, म्हणजे स्लॉट, रिकामा आहे का, हेही विचारा. साठवण एसएसडीच हवी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी. 'एक टीबी' ऐकून हुरळून जाऊन हार्डडिस्क घरी आणलेले लोक मी पाहिलेत, त्यांचा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा होतो. पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल तर एसएमपीएसचे, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचे, वॅट आणि आकार विचाराच. कित्येक ब्रँडेड छोट्या कॅबिनेटमध्ये कंपनीचा स्वतःच्या मापाचा एसएमपीएस आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडतात तो मुख्य बोर्ड) असतो, बाजारातला त्यात बसत नाही. मामांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. भाचीला ते परवडलं नसतं.

आणि ऑनसाइट वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, ते घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा. काउंटरवरच्या 'हो हो, सगळीकडे' वर जाऊ नका.

तुलना करताना एक गफलत हमखास होते. तयार संचाच्या किमतीत बहुधा विंडोजचं अधिकृत लायसन्स असतं. सुट्या भागांच्या यादीत ते नसतं, आणि दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणतो ते कुठलं, हे आपल्यालाही माहीत असतं. दोन्हीकडे तीच वस्तू धरा, मग बेरीज करा. दुसरं, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की काही किटची किंमत दोन-तीन महिन्यांत दुपटीच्या वर गेली. डेटा सेंटरवाल्यांनी सगळा माल उचलला, असं गल्लीतला पोऱ्याही सांगत होता आणि ते खरंच होतं. अशा काळात 'जुळवलेला नेहमीच स्वस्त' हा जुना हिशोब फसू शकतो. त्या आठवड्याचे भाव काढूनच ठरवा.

मधली वाट

आपल्याकडे तिसरा प्रकारही आहे, आणि बहुतेकांना तोच सोयीचा: यादी आपली, जोडणी दुकानाची. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कुणालाही लॅमिंग्टनच विचारा. तिथं तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर घालून. 'गिगाबाइटचा बोर्ड' असं लिहिलं असेल तर ते कोटेशनच नाही. एका दुकानात प्रोसेसर स्वस्त असतो आणि बोर्ड महाग. सगळं एकाच ठिकाणी घेतलं तर बंद पडल्यावर एकाच माणसाची मान धरता येते, मला ते सोयीचं वाटतं. जोडणीचे हजारभर रुपये मागितले तर घासाघीस करू नका. तो माणूस तुमच्यासमोर चालू करून दाखवणार आहे.

स्वतः जुळवायचा तर: आधी यादी

कामापासून सुरू करा. रेंडरिंग किंवा गेम असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवा. हिशोब, फोटो, अभ्यास असेल तर कार्ड नकोच, प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स पुरतं. पण इथं एक खाच आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं. माझ्या पहिल्या जोडणीत मी दीड हजार वाचवायला 'एफ' घेतला आणि कार्ड 'पुढच्या महिन्यात' ठेवलं. महिनाभर तो डबा टेबलावर पंखा फिरवत बसला होता, डिस्प्ले येण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रोसेसरवरून सॉकेट (तो बोर्डावर बसतो ती जागा) ठरतं आणि सॉकेटवरून मदरबोर्ड. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं, त्यात फक्त डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम चालते. ते किमान २०२७ पर्यंत चालवू, असं कंपनीने जाहीर केलंय, म्हणून भाचीसाठी तेच घेतलं. आधीचं एएम४ आणि त्याची डीडीआर४ जुनी झाली तरी घरच्या कामाला धडधाकट आहेत. रॅम चार काड्यांत घेण्यापेक्षा दोन काड्यांत घ्या. एएम५ वर चार काड्या लावल्या की वेग खाली येतो.

पैसे वाचवायचे तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांत वाचवा, एसएमपीएसमध्ये नाही. स्वस्त कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणारा एसएमपीएस हा कॉम्प्युटर मरण्याचा सोपा मार्ग आहे. साध्या मध्यम कार्डाला नामवंत कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा पुरतो. डब्यावरचं '८० प्लस' कार्यक्षमतेबद्दल सांगतं, सुरक्षिततेबद्दल नाही, त्यामुळे नुसता तो शिक्का पाहून भुलू नका. वॉरंटीची वर्षं बघा. चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षं मिळतात.

प्रत्येक भागाचा सिरियल नंबर पक्क्या जीएसटी बिलावर लिहून घ्या. इथं एका कंपनीची वॉरंटी नसते, भागागणिक वेगळी असते आणि ती सांभाळायची आपण. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा.

जोडणी

निवांत रविवार, मोठं टेबल, चुंबकीय टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. स्क्रूंसाठी वाटी. गालिचावर किंवा लोकरी सतरंजीवर बसू नका. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून अर्धं काम उरका. सॉकेटची दांडी उचला. एएम५ मध्ये आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसाइतक्या बारीक. त्यांना बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. दाबायचा नाही. दांडी खाली आणताना जोर लागतो, करकर आवाज येतो, वरचं काळं झाकण टण्णकन उडतं. भाचीने डोळे मिटून घेतले होते. हे सगळं बरोबर आहे. ते झाकण मात्र टाकू नका, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लागतं.

रॅमच्या चार स्लॉटपैकी प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा, टकटक ऐकू येईपर्यंत दाबा. एम.२ एसएसडी तिरकी सरकवायची, मग आडवी करून छोट्या स्क्रूने धरायची. हा स्क्रू पडला की आयुष्यात सापडत नाही, म्हणून ती वाटी.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते ती काढा. ती तशीच ठेवून 'प्रोसेसर तापतो' म्हणणारे लोक आहेत. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कूलरला आधीच लावलेली असेल तर वेगळी नको. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा, सायकलच्या चाकाचे आरे ताणतात तसे. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी.

आता कॅबिनेट. आत पितळेचे छोटे उंच नट असतात, त्यांवर बोर्ड टेकतो. बोर्डाच्या भोकांइतकेच आणि त्याच जागी असायला हवेत. एखादा जास्तीचा भलतीकडे राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो. मागची आयओ पट्टी (केबल लावायच्या भोकांची पत्र्याची पट्टी) सुटी असेल तर बोर्डाच्या आधी बसवा. ती विसरून सगळं पुन्हा उघडणं हा जवळपास विधीच आहे, आम्हीही केला.

वायरी तीन महत्त्वाच्या: बोर्डाला २४ पिनांची, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनांची, आणि ग्राफिक्स कार्डाची. प्रोसेसरची आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारखी असते पण एक नाही. प्लगवरचं 'सीपीयू' किंवा 'पीसीआयई' वाचा, आणि बसत नसेल तर ठोकू नका. समोरच्या बटणांच्या बारक्या वायरींना बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र बघूनच हात घाला. पॉवर बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची उलटी लागली तर नुसता दिवा लागत नाही. सगळ्यात शेवटी कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये.

पहिलं बटण

ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. बटण दाबा. पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. भाचीने एक मिनिट धीर धरला, मग म्हणाली, "मामा, गेला का रे?" गेला नव्हता. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. या वेळात बटण पुन्हापुन्हा दाबणं हीच चूक. आम्ही पोहे खाल्ले. परत आलो तर बायॉस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचा पडदा, समोर होतं.

पंधरा मिनिटांनंतरही काळं असेल तर बंद करा, एकच रॅमची काडी ठेवा, प्रोसेसरची वायर पुन्हा घट्ट करा. बहुतेक वेळा एवढ्यात सुटतं.

बायॉसमध्ये रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग (एएमडीवर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी) सुरू करा. नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० नेच चालत राहते. विंडोजसाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून ठेवा. इन्स्टॉल होताना इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो, तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळतं.

विजेचं

तयार असो की जुळवलेला, अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष कॉम्प्युटरचा शोधू नका, आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. मामांकडे ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस पुरला. तो जेमतेम ३६० वॅट देतो, भाचीच्या कार्डासकट संचाला कमी पडला असता, तिला १,००० व्हीएच्या वरचा लागला. मामांचा संच जमिनीवर नाही, भिंतीवरच्या फळीवर आहे. जुलै २०२१ च्या पुरानंतर त्या दुकानात कुठलीच विजेची वस्तू खाली ठेवत नाहीत.

दर तीन-चार महिन्यांनी धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

या पावसाळ्यात मामांचा संच बंद पडला. त्यांनी फोन मला नाही, कंपनीला केला, आणि तिसऱ्या दिवशी माणूस येऊन एसएमपीएस बदलून गेला. तीन दिवस मामांनी बिलं हाताने फाडली. भाचीच्या कॅबिनेटमधून मध्यंतरी खडखड येत होती. एक वायर पंख्याला घासत होती, तिने झिप टायने बांधली आणि मला नंतर सांगितलं. सगळ्या भागांचे रिकामे डबे मात्र अजून ताईच्या माळ्यावर आहेत, एसएमपीएसच्या उरलेल्या वायरी त्यातच. त्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावल्या तर भाग जळू शकतात, म्हणून डब्यावर मार्करने नाव लिहून ठेवलंय. ताई दर महिन्याला विचारते, हे भंगार कधी टाकायचं. वॉरंटी संपल्यावर.