इंग्रजी व्हर्बचे तीन फॉर्म तक्त्यानं नाही, आवाजानं पाठ करा

आपल्या इकडं पोट्ट्यायले व्हर्बचा तक्ता देतात, ए पासून झेड पर्यंत, अन् सांगतात घोका. चार दिवसात सगळं उडून जाते, कारण एकाखाली एक आलेल्या शब्दायचा एकमेकाशी काही संबंधच नसते.

तक्ता फोडा अन् वहीत एका गटाले एक पान द्या. न बदलणारे एका पानावर, कट-कट-कट, पुट-पुट-पुट, हिट, शट, कॉस्ट. दुसऱ्यावर ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट, थिंक-थॉट-थॉट, टीच अन् कॅच पण इथंच. मले सगळ्यात आवडते तो सिंग-सँग-संगचा गट, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम, रिंग-रँग-रंग, एकदा चाल जिभेवर बसली का तिसरा फॉर्म आपोआप निंघते, म्हणून मनातल्या मनात नाही, वावरात जाता येता मोठ्यानं म्हणा. टेक-टुक-टेकन, राइट-रोट-रिटन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन हे शेवटी 'न' लावणारे. कम-केम-कम अन् रन-रॅन-रन तिसऱ्यात परत मूळ रूपावर येतात. गो-वेन्ट-गॉन एकटाच, पण आपल्या मराठीत तरी 'जा' चं 'गेला' कुठल्या नियमानं होते?

बाकी हजारो व्हर्बले नुसतं ई-डी लागते. स्टडीचा वाय जाऊन आय-ई-डी, प्लेचा वाय राहते कारण त्याच्या आधी ए हाय, अन् स्टॉपचा पी डबल. बोलताना मात्र सगळीकडं 'एड' म्हणू नका: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, प्लेड, ओपन्ड, 'इड' फक्त मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असला तरच, वॉन्टिड, नीडिड.

आता वापर, पेपरात मार्क इथंच जातात. दुसरा फॉर्म एकटा चालते: वुई पिक्ड कॉटन यस्टरडे. तिसऱ्याले काळ दाखवाले मदतनीस लागते: वुई हॅव पिक्ड द कॉटन, द कॉटन वॉज पिक्ड. हॅवसोबत यस्टरडे टाकू नका. अन् डिड आला का व्हर्ब पहिल्या फॉर्ममधेच ठेवा, 'आय डिडन्ट वेन्ट' नाही, 'आय डिडन्ट गो', कारण भूतकाळ डिडनं आधीच दाखवला. रीडचं स्पेलिंग तिन्ही फॉर्ममधे तेच हाय, पण दुसऱ्या-तिसऱ्याले 'रेड' वाचा.