बल, गुरुत्वाकर्षण आणि गती शिकवताना या चुका टाळा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाची सुरुवात गतीच्या नियमांनी होते आणि दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागाची सुरुवात गुरुत्वाकर्षणाने. त्यामुळे शिक्षकाला वर्गाचा आणि वर्गाला शिक्षकाचा अंदाजही आलेला नसतो, अशा सुरुवातीच्या दिवसांतच भौतिकशास्त्रातील सर्वांत निसरडा भाग शिकवून होतो. नाशिकमधील नव्या शिक्षकांचे तास, छात्राध्यापकांचे सराव पाठ आणि कॉलेज रोडवरील शिकवणी वर्गांतून येणाऱ्या मुलांच्या वह्या अनेक वर्षे पाहिल्यानंतर मला एवढे नक्की सांगता येईल, की त्याच त्या चुका दरवर्षी नव्या हस्ताक्षरात भेटतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे: हे बल कोणी लावले आणि कोणावर लावले, हे विचारण्याआधीच सूत्राकडे धाव घेतली जाते.

टेबलावरचे पुस्तक

न्यूटनचा तिसरा नियम (प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते) शिकवताना टेबलावर पुस्तक ठेवायचे, ‘पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाने वर लावलेले बल ही प्रतिक्रिया’ असे म्हणायचे आणि पुढे जायचे, ही पद्धत इतकी रूढ आहे की तिच्यात चूक आहे हेच अनेकांना पटत नाही. पंचवटीतील एका शाळेत मी एका छात्राध्यापकाचा पाठ पाहत होतो. तरुण तयारीने आला होता, तक्ता सुबक होता, आवाज खणखणीत होता. त्याने हेच उदाहरण दिले. तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, “सर, मी टेबल झटकन ओढून घेतले, तर क्रिया तशीच राहील आणि प्रतिक्रिया जाईल. मग नियमाचे काय?” वर्षभरात असा प्रश्न एकदा जरी आला तरी शिक्षकाने स्वतःला भाग्यवान समजावे. आमच्या छात्राध्यापकाने क्षणभर छताकडे पाहिले आणि उत्तर दिले, “मग हवा प्रतिक्रिया देते.” तेवढ्यात घंटा झाली.

घटक चाचणीत त्याचे फळ मिळाले. वर्गातील बऱ्याच मुलांनी पडणाऱ्या वस्तूला हवा तिच्या वजनाइतक्याच बलाने वर ढकलते असे लिहिले. तसे असते तर वस्तूचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, शून्य झाले असते, हे तपासण्याची कोणाला गरज वाटली नाही. एका मुलाने तर त्यापुढचे पाऊल टाकून चंद्रावर हवा नसल्यामुळे तेथे न्यूटनचा तिसरा नियम लागू होत नाही, असा निष्कर्ष काढला. त्या मुलाच्या तर्कात खोट नव्हती. त्याला पुरवलेला मालच खोटा होता.

पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा वरचा दाब ही दोन्ही बले एकाच वस्तूवर, म्हणजे पुस्तकावर, आहेत. ती समान आहेत, कारण पुस्तक स्थिर आहे. हा पहिल्या आणि दुसऱ्या नियमाचा विषय झाला. तिसऱ्या नियमातील जोडी नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असते आणि दोन्ही बले एकाच जातीची असतात. मी मुलांना एक सवय लावतो. प्रत्येक बल पूर्ण वाक्यात लिहायचे, मग त्यातील दोन नावांची अदलाबदल करायची आणि क्रियापदाला हात लावायचा नाही. ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’ याची जोडी ‘पुस्तक पृथ्वीला ओढते’ ही. ‘टेबल पुस्तकाला ढकलते’ याची जोडी ‘पुस्तक टेबलाला ढकलते’ ही. टेबल काढून घेतले की दुसरी जोडी पूर्णच्या पूर्ण जाते आणि पहिली पूर्णच्या पूर्ण राहते. त्या मुलीच्या प्रश्नाला एवढेच उत्तर पुरेसे होते.

यावर ‘पुस्तक पृथ्वीला ओढत असेल तर पृथ्वी हलत का नाही’ हा प्रश्न येतोच आणि तो यायलाच हवा. अर्धा किलोग्रॅमचे पुस्तक पृथ्वीला सुमारे ४.९ न्यूटन बलाने ओढते. पृथ्वीचे वस्तुमान ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम आहे. भागाकार फळ्यावर करून दाखवावा. त्वरण येते ते दशांशचिन्हानंतर २४ शून्ये आणि मग ८. बल समान असले तरी परिणाम समान नसतो, हे मुलांना या शून्यांतून समजते. नुसत्या व्याख्येतून ते समजल्याचे मी पाहिलेले नाही.

वजन आणि टेबलाचा दाब यांना अजूनही कोणी जोडी म्हणत असेल, तर पुस्तकावर तळहात ठेवून दाबायला सांगावे. वजन तेवढेच राहते, टेबलाचे बल वाढते. खऱ्या जोडीतील दोन बले कधीच असमान होत नाहीत.

वर फेकलेला चेंडू

दुसरी चूक मला याहूनही जास्त छळते. चेंडू सरळ वर फेकला आहे. तो वर जाताना, सर्वोच्च बिंदूवर आणि खाली येताना त्यावर कोणकोणती बले आहेत ते बाणांनी दाखवा, असा प्रश्न द्या. हवेचा रोध सोडून दिला तर तिन्ही चित्रांत उत्तर एकच आहे: खाली दाखवणारा एक बाण, तोही सारख्याच लांबीचा. प्रत्यक्षात वर जाणाऱ्या चेंडूवर मुले ‘हाताचे बल’ असा वर जाणारा बाण काढतात, सर्वोच्च बिंदूवर काहीच काढत नाहीत आणि खाली येतानाच त्यांना गुरुत्वाकर्षण आठवते. गतीच्या दिशेने बल असलेच पाहिजे, ही समजूत अ‍ॅरिस्टॉटलइतकी जुनी आहे आणि ढकलगाडी ढकलण्याच्या रोजच्या अनुभवातून ती पक्की होत असते, म्हणून मुलांवर चिडण्यात अर्थ नाही. चिडावे ते अशी चित्रे बरोबरची खूण करून परत देणाऱ्यांवर.

माझा उपाय साधा आहे. बाण काढण्यापूर्वी वस्तूला या क्षणी काय काय टेकलेले आहे, याची यादी करायची. दोरी, जमीन, हात, पाणी, जे असेल ते. त्या यादीत पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जोडायचे आणि थांबायचे. चुंबक आणि विद्युत प्रभार यांचा विषय येईपर्यंत या यादीबाहेरचा एकही बाण मी स्वीकारत नाही. हात सुटलेला आहे, म्हणून हाताचे बल संपले. मुले ‘थोडे थोडे संपत जाते’ असे म्हणतात. चेंडूकडे जे उरलेले असते तो वेग आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग). त्यालाच ती बल म्हणत असतात, आणि हा फरक त्यांना त्यांच्याच वाक्यात दाखवून द्यावा लागतो.

सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, ही याच चुकीची धाकटी बहीण. तिच्यासाठी आकडे घ्यावेत. चेंडू ९.८ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला, तर प्रत्येक अर्ध्या सेकंदाला त्याचा वेग अनुक्रमे ९.८, ४.९, शून्य, उणे ४.९ आणि उणे ९.८ होतो. लागोपाठच्या दोन आकड्यांमधील फरक सगळीकडे ४.९ आहे, शून्यापाशी तो थांबत नाही. त्या बिंदूवर त्वरणही शून्य असते तर चेंडू तेथेच टांगलेला राहिला असता.

येथे घाईची गोष्ट काढल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्याच तासाला गतीची तीन समीकरणे फळ्यावर लिहून दुसऱ्या तासाला उदाहरणे सुरू करणाऱ्या नवशिक्या शिक्षकांना ‘पोर्शन’ पुढे गेल्याचे समाधान मिळते. मुलांनाही ते आवडते, कारण किमती घालून उत्तर काढणे सोपे असते. त्याच मुलांना उणे चिन्ह कशासाठी ते विचारा. ‘वर जाताना उणे, खाली येताना अधिक’ असे पाठ केलेले उत्तर मिळेल, आणि चेंडू गच्चीवरून वर फेकून जमिनीवर पडू दिला की सगळा वर्ग अडकेल. कोणतीही एक दिशा धन ठरवून उदाहरण संपेपर्यंत ती बदलायची नाही, एवढेच करायचे असते. चाल, अंतर आणि वेळ यांचा तो त्रिकोण, ज्यात एक अक्षर झाकले की सूत्र मिळते, माझ्या वर्गात चालत नाही. एक साधा भागाकार ज्याला उलटवता येत नाही, त्याला गणिताचा अर्धा तास द्यावा. त्रिकोण देऊ नये.

एकसमान वेगाबद्दलचा गोंधळही याच कुळातला. कसारा घाटाच्या सरळ टप्प्यात एसटी एकाच चालीने चढत असेल, तर तिच्यावरचे एकूण बल शून्य असते. इंजिनामुळे मिळणारे पुढचे बल जास्त आहे असे मुले ठामपणे सांगतात. जास्त असते तर चाल वाढत गेली असती.

‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते’

हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी ऐकले की वाईट वाटते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तेथे गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, म्हणजे जमिनीवरच्या जवळपास नऊ दशांश. गुरुत्वाकर्षण नसते तर स्थानक पृथ्वीभोवती वळलेच नसते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकत्रच पडत असतात आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक चालीमुळे पडता पडता जमीन चुकवत राहतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा मारणारा माणूसही काठ सोडल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत याच अवस्थेत असतो, हे सांगितले की नाशिकची मुले लगेच सावरून बसतात.

प्रयोग हवा असेल तर प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ छिद्र पाडावे, पाणी भरून झाकण काढून टाकावे आणि धार चालू असताना बाटली उंचावरून सोडावी. पडताना धार थांबते. न थांबल्यास बहुधा बाटली सोडताना हाताचा झटका लागून ती गिरक्या घेत असते. दोन बोटांत मानेला धरून अलगद सोडावी. छिद्र खिळ्याएवढे असावे, कारण सुईच्या छिद्रातून येणारी धार मागच्या बाकांवरून दिसत नाही. तीच बाटली मग सरळ वर फेकून दाखवावी. हात सुटल्यानंतर वर जातानाही धार बंदच असते. येथे वर्ग हमखास चकित होतो, कारण मुक्त पतन (केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बलाखाली होणारी गती) म्हणजे खालीच येणे, असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

किरकोळ, पण टाळण्यासारख्या

‘माझे वजन ५० किलो’ हे भाजी मंडईत चालते, उत्तरपत्रिकेत न्यूटन लिहावे लागतात. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असते, तेव्हा उदाहरणात १० घ्यायला हरकत नाही, मात्र तसे लिहून घ्यावे. अभिकेंद्री बल, म्हणजे वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल, हे वेगळे, जादा बल म्हणून चित्रात काढू नये. ते काम दोरीचा ताण, घर्षण किंवा गुरुत्वाकर्षण यांपैकी कोणीतरी करत असते. घर्षण गतीला नेहमी विरोध करते असे शिकवू नये, आपण चालतो ते घर्षणामुळेच.

कागद आणि नाणे एकत्र टाकून ‘पाहा, एकदम पडले’ म्हणायचे आणि कागद तरंगत मागे राहायचा, हा फजितीचा प्रकार नवा नाही. कागदाचा नाण्याएवढा तुकडा कापून तो नाण्याच्या वर ठेवावा, कड बाहेर येऊ देऊ नये आणि नाणे आडवे धरून सोडावे. अपोलो १५ मोहिमेत १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकत्र सोडल्याचे चित्रीकरण त्यानंतर दाखवावे, आधी नको.

राहिले गुरुत्व त्वरण मोजणे. मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या मजल्यावरून दगड टाकणारे उत्साही शिक्षक मी पाहिले आहेत. साडेसहा मीटर पडायला १.१५ सेकंद लागतात आणि बटण दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक सहज होते; उत्तरात वेळेचा वर्ग असल्यामुळे ती चूक दुप्पट होऊन बसते आणि किंमत सात येते किंवा चौदा. खाली उभ्या असलेल्या मुलांच्या डोक्याचा प्रश्न वेगळाच. त्याऐवजी एक मीटर लांबीचा लंबक घ्यावा, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी, आंदोलन लहान ठेवावे आणि २० आंदोलनांचा एकत्रित वेळ घ्यावा. तो ४० सेकंदांच्या आसपास येतो आणि बोटाची चूक वीस भागांत वाटली जाते. उत्तर तरीही फार चुकले तर आधी मोजणी तपासावी: मुले लंबक सोडतानाच ‘एक’ म्हणतात, तेथे ‘शून्य’ म्हणायचे असते.